वाडीचा जबाब

हरिचंद्र म्हसकरला डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. ही गोष्ट लपवण्यात त्याने जेवढी अक्कल खर्च केली तेवढी डी.एड.ला केली असती तर तो कॉलेजात पहिला आला असता, असं त्याची आई म्हणायची. आई उल्हासनगर कॅम्प पाचला घरी बसून जीन्सच्या कारखान्यातल्या पँटींचे धागे कापायची. घरात पँटींचे डोंगर असायचे, म्हणजे पाय लपवायला लागणारा कच्चा माल घरचाच होता. कारखान्याच्या मास्टरने त्याला खास पँटी शिवून दिल्या होत्या, पोटरीला सैल आणि खाली बुटावर सांडणाऱ्या. मास्टर म्हणाला होता, "देख, इसमें तू हाथी का पैर भी डालेगा तो किसी को पता नहीं चलेगा." हरिचंद्रने ते प्रशंसा म्हणून घेतलं.

पाय गेला तो लहानपणी, पाण्याच्या टँकरखाली. गल्लीत बरेच दिवस पाणी आलं नव्हतं. टँकर दिसल्यावर सगळे हंडे घेऊन धावले आणि हरिचंद्रचा पहिला नंबर लागला. त्यानंतर रबराचा पाय आला, मग तो लहान पडला, मग दुसरा आला. शाळेत त्याचं नाव 'साइड स्टँड' पडलं, कारण उभा राहिला की तो एका बाजूला किंचित कलायचा. मुलांचं काही वाटत नव्हतं. पण एकदा हजेरी घेताना सरांच्या तोंडूनही तेच आलं, आणि हा सवयीने "हजर" म्हणाला. सगळा वर्ग हसला, सरही हसले, आणि तोही हसला, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. आपण मास्तर व्हायचं हे त्याने त्या दिवशी ठरवलं. मास्तर झालं की हजेरी आपल्या हातात असते.

तो मास्तर झाला. दिव्यांगांच्या राखीव जागेतून झाला. मित्र म्हणाले, तुझं बरं आहे, तुला कोटा आहे. कोट्याशिवाय आपण लागलो असतो की नाही हे आता कुणालाच कळणार नव्हतं, त्यालाही नाही. हा प्रश्न बुटात गेलेल्या खड्यासारखा राहून गेला, आणि तोही नेमका खऱ्या पायाच्या बुटात.

त्याला मिळालेली शाळा तेरड्याच्या वाडीची. बदलापूरहून बारवी धरणाकडे निघालं की डांबर जिथे कंटाळतं तिथून वर चढायचं. दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक. दुसऱ्या शिक्षिका म्हणजे मुख्याध्यापिका सुषमाबाई, बदलापुरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि निवृत्तीची वाट बघणाऱ्या. त्यांनी त्याची ऑर्डर वाचली, त्याच्या पायांकडे पाहिलं आणि परत ऑर्डर वाचली.

"कुठला?"

"डावा."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि हजेरीपट त्याच्याकडे सरकवला.

वाडीत कुणाला सांगू नका, अशी त्याने त्यांना विनंती केली. मी कशाला सांगू, मला बीपी आहे, असं त्या म्हणाल्या. या दोन गोष्टींचा संबंध त्याला कळला नाही, पण शब्द त्यांनी पाळला.

वाडीत अडचण एकच होती. शाळेत कुणी चपला घालून जात नसे. सरस्वतीचा फोटो आत होता, त्यामुळे चपला ओट्याखाली. हरिचंद्र बूट काढेना. टाचेचं हाड वाढलंय, डॉक्टरने अनवाणी चालायला मनाई केलीय, असं त्याने सांगून टाकलं. दुसऱ्याच दिवशी पोरांनी घरून रुईची पानं आणली. गरम करून टाचेला बांधा, असा निरोप होता. तो पानं घ्यायचा, आभार मानायचा आणि घरी जाताना उतारावर टाकायचा. मग कुणीतरी विचारलं, टाच कुठली? त्याने उजवी सांगितली. पुढे दुसऱ्या कुणी विचारल्यावर तोंडातून डावी गेलं. वाडीत त्यावर चर्चा झाली, आणि बिचाऱ्याच्या दोन्ही टाचा गेल्या असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर पानं दुप्पट यायला लागली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. लाज होती, पण अंगवळणी पडलेली, जुन्या बनियनसारखी. बिघडलं ते गंगूपासून.

गंगू ही कौसाबाईची नात. आईबाप वर्षातले बरेच महिने वीटभट्टीवर, पोरगी आजीपाशी. जन्मापासून तिचा एक पाय काडीसारखा, तो ती ओढत चालायची. वय दुसरीचं होतं पण शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. शाळाबाह्य मूल राहिलं की वरून फोन येतात, म्हणून हरिचंद्र एका दुपारी कौसाबाईच्या अंगणात गेला. पोरं हसतात, म्हणून पाठवत नाही, असं कौसाबाईने सरळ सांगितलं. त्यावर त्याने भाषण दिलं. डी.एड.ला समावेशक शिक्षणाचं एक प्रकरण होतं, त्यातलं बरंच त्याला पाठ होतं. माणूस म्हणजे त्याचा पाय नव्हे. उणीव शरीरात नसते, बघणाऱ्याच्या नजरेत असते. यात लाजण्यासारखं काहीएक नाही. शेवटी तर त्याला स्वतःलाच गहिवरून आलं. गंगू दारात बसून ऐकत होती.

कौसाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमाला बोलाय काय जातंय गुरजी. तुमचे दोनी धड हाईत."

इथे एक क्षण होता. सांगायला काही फार नव्हतं, नुसती पँट वर करायची होती. हरिचंद्रने तोंड उघडलं.

"हो," तो म्हणाला, "ते आहेच."

गंगू दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायला लागली. पोरं हसली, मग कंटाळली. ती हुशार निघाली, आणि तिचं कौतुक करताना सुषमाबाई हरिचंद्रचंही करायच्या. पण सकाळी ती चढावरून पाय ओढत येताना दिसली की त्याला नेमके कपाटात खडू शोधायचे असायचे. खडू समोर टेबलावर असायचे. तरी तो शोधायचा, ती जागेवर बसेपर्यंत. एकदा तिने विचारलं होतं, गुरजी, तुमाला चढ लागत नाय? नाही, असं तो म्हणाला होता. त्या दिवशी संध्याकाळी घरी पाय काढला तेव्हा आत सोललेलं होतं. आईने खोबरेल लावलं आणि काही विचारलं नाही.

मग पत्रा सरकला. वाऱ्याने ऑफिसवरचा पत्रा एका बाजूने उचलला आणि खाली तांदळाची पोती होती. वाडीतली माणसं कामाला गेलेली. हरिचंद्र शिडी लावून चढला, पत्र्यावर दगड ठेवले, एका कडेवरून दुसरीकडे गेला, तार बांधली. गुडघा शाबूत असला की एवढं जमतं, फक्त गरज नसताना करायचं नसतं. वाडीतला करण नेमका त्या दिवशी घरी होता. तो बदलापूरच्या एका कंपनीत पॅकिंगला होता आणि उरलेल्या वेळात रील करायचा. त्याने खालून शूटिंग केलं, मागे ढोल लावला आणि वर लिहिलं: आमचे गुरुजी, नाद नाय करायचा.

रील चाललं. अंबरनाथपर्यंत चाललं, आणि ज्यांना नोकरी लागली नव्हती अशा बऱ्याच जणांपर्यंत चाललं. त्यातल्या कुणीतरी अर्ज केला. नाव नव्हतं, पण रील जोडलेलं होतं. दिव्यांग म्हणून लागलेला हा इसम पत्र्यावर माकडासारखा फिरतो, सबब चौकशी व्हावी. खोट्या प्रमाणपत्रांच्या चौकशा त्या वर्षी सगळीकडेच चालू होत्या. लोक बहिरेपणाचं प्रमाणपत्र घेऊन मोबाईलवर तासन्‌तास बोलत होते. तक्रार खरी ठरली की नोकरी गेलीच, वर गुन्हा. संशय राहिला तर नव्याने तपासणी होईपर्यंत घरी बसायचं. आणि हरिचंद्रसारख्या अजून कायम न झालेल्या शिक्षणसेवकाला घरी बसवायला फार विचार करावा लागत नाही.

सुषमाबाईंनी हे त्याला सांगितलं तेव्हा तो हसायला लागला. तो उल्हासनगरचा. कुणी काहीही दाखवलं की ओरिजिनल की डुप्लिकेट, एवढंच विचारणाऱ्या गावात वाढलेला. आणि आता त्याला शपथेवर सिद्ध करायचं होतं की त्याचा पाय अस्सल डुप्लिकेट आहे.

"हसू नका," सुषमाबाई म्हणाल्या. "साहेब आले की दाखवून टाका आणि मोकळे व्हा."

तोही तेच म्हणाला. पण ऑफिसात, दार लावून दाखवायचं.

विस्तार अधिकारी श्रीपाद मोकाशी जीपने आले. अतिशय सभ्य माणूस. इतका सभ्य की पाय हा शब्द उच्चारायला त्यांना जड जात होतं. ते 'तो विषय' म्हणायचे. त्या विषयाबाबत आपल्याला प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल म्हसकर, माफ करा. हरिचंद्रने प्रमाणपत्र पुढे केलं. साहेबांनी ते हातात घेतलं आणि खंत व्यक्त केली की प्रमाणपत्र हल्ली प्रत्येकाकडेच असतं, आणि ज्याचं खोटं असतं त्याचं जास्त छान लॅमिनेट केलेलं असतं. हरिचंद्रचंही लॅमिनेट केलेलं होतं. आईने.

मग दार लावून दाखवतो, असं तो म्हणाला. साहेबांच्या जिवात जीव आला. पण आधी ग्रामस्थांचे जबाब घेऊ, कारण तक्रारीत गावात फिरतो, चढतो असं लिहिलंय, ते झालं की त्या विषयाकडे वळू, असं त्यांनी सुचवलं. जबाब घ्यायला माणसं बोलवायची गरजच नव्हती. जीपचा आवाज ऐकून वाडी शाळेच्या ओट्यासमोर आधीच जमली होती.

आता तेरड्याच्या वाडीची एक रीत होती. कागद घेऊन आलेल्या साहेबासमोर सगळ्यांचा जबाब एकच. हजर असलेल्यांत जो सगळ्यात म्हातारा तो पहिला बोलणार, आणि बाकीचे तेच बोलणार, शब्दही न बदलता. ही रीत लाकूडफाट्याच्या केसमधून आली होती. पूर्वी एकदा दोघांनी दोन उत्तरं दिली आणि दोघंही आत गेले. तेव्हापासून वाडीने दोन गोष्टी ठरवल्या. साहेब ज्याच्याबद्दल विचारेल तो माणूस चांगला. आणि एकदा बोललं ते बोललं, त्यावरून पलटायचं नाही, कारण पलटणाऱ्याला साहेब पकडतो.

त्या दिवशी सगळ्यात म्हातारी कौसाबाई होती.

साहेबांनी घसा साफ केला. "आजी, तुमच्या या गुरुजींना चालण्या-फिरण्याच्या बाबतीत, म्हणजे त्या विषयात, काही कमीजास्त आहे का?"

कौसाबाई ताठ झाली. आपल्या गुरुजीवर कुणीतरी आळ घेतलाय एवढं तिला कळलं.

"कुणी सांगलं तुमाला?" ती म्हणाली. "आमच्या गुरजीत काय बी खोट नाय. अंगानं धड, मनानं धड. दोनी पाय धड."

साहेबांनी लिहून घेतलं. पुढचा सुकऱ्या, पहिलीतल्या पोराचा बाप. अंगानं धड, मनानं धड, दोनी पाय धड. त्याच्यामागे त्याची बायको, मग तिची जाऊ, मग करणची आई. करण खाली मान घालून तेच बोलला. रीलमुळे काहीतरी लोच्या झालाय हे त्याला कळलं होतं आणि तो आता जिवावर उदार होऊन गुरुजींना वाचवत होता. रांगेत एक पाहुणा होता. पलीकडच्या वाडीतून सोयरीक बघायला आलेला, हरिचंद्रला आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. त्यानेही छातीवर हात ठेवून सांगितलं की गुरजीचे दोनी पाय धड.

सुषमाबाई मागे उभ्या राहून इतक्या खोकल्या की कुणीतरी त्यांना पाणी आणून दिलं.

हरिचंद्र खुर्चीत बसून ऐकत होता. दर जबाबाला त्याची नोकरी बोटभर पुढे सरकत दाराकडे चालली होती. त्याला उठून मध्ये बोलता आलं असतं. पण लाजेची गोष्ट अशी की ऐकायला बरं वाटत होतं. इतकी माणसं एकामागून एक येऊन त्याला धड म्हणत होती, आणि साहेब ते सरकारी कागदावर लिहून घेत होते. पाहुण्यापर्यंत त्याने सगळं ऐकून घेतलं. मग साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे इतक्या दुःखाने पाहिलं की तो उठला.

"म्हसकर, आता हे सगळे एकमुखाने..." साहेब म्हणाले.

दार लावायची वेळ निघून गेली होती. तो ओट्याच्या पायरीवर बसला आणि बूट काढला. मोजा काढला. मग पँट वर करायला लागला, तर ती वर जाईना. मास्टरने ती पाय लपवायला शिवली होती, दाखवायला नाही. खाली सैल होती, पण गुडघ्याशी अडकली. तो ओढत राहिला, वाडी बघत राहिली. खिडकीच्या गजांना सगळी शाळा लटकली होती. शेवटी सुषमाबाई पुढे आल्या, खाली बसल्या आणि हरिचंद्रने धरलेली पँट दोन्ही हातांनी वर ढकलली, आई लहान पोराची ढकलते तशी. पट्टा सुटला, आणि पाय निघाला. हातात धरून बसणं बरं दिसेना म्हणून त्याने तो शेजारच्या बाकावर ठेवला.

रबराची बोटं वर करून तो पाय बाकावर पडला होता. हरिचंद्रपेक्षा चांगला उजळ होता. मोकाशी साहेब उभे राहिले, कुणी गेल्यावर राहतात तसे.

एक कोंबडी बाकाखालून गेली. हरिचंद्रने खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. गंगू दोन गजांमध्ये तोंड घालून उभी होती. ती पायाकडे बघत नव्हती.

साहेब सावरले. त्यांचा चेहरा खुलला. उत्तम झालं, शंकेला जागाच उरली नाही, आता फक्त जबाब दुरुस्त करून घेऊ, असं म्हणून त्यांनी नवा कागद काढला आणि कौसाबाईला अगदी मायेने विचारलं, "आजी, आता काय दिसतं तुम्हाला?"

"दिसतंय ते दिसतंय," कौसाबाई म्हणाली. "बोललो ते बोललो."

साहेबांनी बाकाकडे बोट दाखवलं. कौसाबाईने बोटाकडे पाहिलं. सुकऱ्या म्हणाला, दिसतंय ते दिसतंय, बोललो ते बोललो. त्याची बायको तेच म्हणाली. पाहुण्याने तर आता आवाजही चढवला.

साहेबांनी घाम पुसला. अडचण खरी होती. पंचनाम्यात पाय नाही असं लिहायचं आणि त्याला जोडलेले सगळे जबाब दोन्ही पाय धड म्हणणार, म्हणजे वरचे लोक विचारणार की तुम्ही नेमका कुणाचा पाय बघून आलात. सुषमाबाईंनी फोटो काढा म्हणून सुचवलं. फोटोवर हल्ली कोण विश्वास ठेवतो मॅडम, असं साहेब म्हणाले, आणि ते बरोबर होतं, कारण मूळ तक्रारच व्हिडिओ बघून झाली होती. जबाब असेच राहिले तर मला संशयास्पद असा शेरा मारावा लागेल, आणि मग म्हसकरांना तूर्त घरी... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यांच्या सभ्यतेत ते बसत नव्हतं.

मग हरिचंद्र एका पायावर उभा राहिला आणि भिंतीला धरत धरत एकेकापाशी गेला. मला पाय नाही, असं सांगा, म्हणून विनवायला लागला. जो माणूस हे कुणाला कळू नये म्हणून वर्षानुवर्षं धडपडला तो आता दारोदार भीक मागावी तसा तेच मागत होता, आणि कुणी देईना. करणच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबाने गुरुजींना किती घाबरवलंय बघा, असं ती शेजारणीला म्हणाली. सुकऱ्याने त्याचा दंड धरला आणि कानाशी येऊन सांगितलं, "भिऊ नका गुरजी. त्यानं तुमचं काय पण काढून ठेवलं तरी आमी पलटणार नाय."

हरिचंद्र कौसाबाईपर्यंत आला. तिच्या नजरेत दया होती. ती त्याला सोसवेना. त्याच्याकडे आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती खिडकीतून ऐकू जाणार होती.

"कौसाआजी, त्या दिवशी मी तुमच्या अंगणात आलो होतो. गंगूला शाळेत धाडा म्हणून."

"व्हय."

"तुम्ही म्हणालात, तुमचे दोन्ही धड आहेत. मी हो म्हणालो."

कौसाबाई बघत राहिली.

"तेव्हाही हा असाच होता. पँटीत."

तिला समजायला वेळ लागला नाही. तिने आधी बाकावरच्या पायाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग हरिचंद्रकडे. दया गेली. त्याला वाटलं होतं ती गेली की बरं वाटेल. नाही वाटलं.

"म्हंजी पोरीला लाजू नको सांगत व्हतास," ती म्हणाली. आजवर ती त्याला कधी अरेतुरे बोलली नव्हती. "आन सोता झाकून बसला व्हतास. माझ्या अंगणात."

"हो."

"ती रोज तुझ्यासमोरनं फरफटत यायची."

"हो."

आता हा साहेबाचा मामला राहिला नव्हता. हे घरचं भांडण होतं, आणि घरच्या भांडणाला वाडीची रीत लागू नव्हती. कौसाबाई वळली आणि ओट्यावर थापटी मारून म्हणाली, "लिवा सायेब. माणूस खोटा हाय. पाय बी खोटा हाय. लिवा."

साहेबांनी झरझर लिहिलं. वाडीत क्षणभर गोंधळ उडाला, पण म्हातारं माणूस बोललं होतं. सुकऱ्या पुढे आला. त्याने हरिचंद्रकडे बघायचं टाळलं आणि सांगितलं, माणूस खोटा हाय, पाय बी खोटा हाय. बायकोने सांगितलं. जावेने सांगितलं. करणच्या आईने पदर तोंडाला लावून सांगितलं. करणने सांगितलं. पाहुण्याने सांगितलं, आणि हा पाहुणा पुढे कित्येक ठिकाणी ते सांगणार हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हरिचंद्र भिंतीला टेकून एका पायावर उभा राहिला आणि पहिल्या वेळेसारखंच शेवटपर्यंत ऐकलं. या खेपेला दर जबाबाला त्याची नोकरी बोटभर आत येत होती.

साहेबांनी जबाबाचं दुसरं वाक्य तेवढं घेतलं. पहिल्यासाठी त्या नमुन्यात रकाना नव्हता. निघताना त्यांनी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. तो विषय आता कायमचा मिटला, असंही म्हणाले. सुषमाबाईंनी चहा केला, पण वाडीतलं कुणी थांबलं नाही. पोरांना त्यांनी लवकर सोडलं. हरिचंद्रने पाय चढवला, मोजा घातला, बूट घातला. लेस बांधताना त्याच्या लक्षात आलं की ओट्यावर आता कुणीच नाही, आणि घाई करायचं काही कारणही नाही. घरी त्याने आईला सांगितलं की तपासणी झाली, नोकरी राहिली. आईने देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला गंगू नव्हती. बाकीची सगळी होती, आणि सगळी त्याच्या पँटीकडे बघत होती. प्रार्थना झाली, पाढे झाले. त्याने पहिलीला चित्रं काढायला दिली आणि कौसाबाईच्या घरी निघाला. उतारावर तो सवयीने सरळ चालायला लागला. मग आठवलं, मग पुन्हा विसरला.

कौसाबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली, त्याला पाहिलं आणि पुन्हा सुपात बघितलं. गंगू दारात बसून भाकरी खात होती. शाळेचं दप्तर तिच्या शेजारी होतं, त्यामुळे तिचं काय ठरलंय ते कळत नव्हतं.

गंगूला न्यायला आलोय, असं हरिचंद्र म्हणाला. कौसाबाई म्हणाली, खातेय ती. सूप वर जायचं, खाली यायचं, कोंडा उडायचा. चढउतार करून आल्यावर एका जागी उभं राहिलं की खुंट ठणकायला लागतो. आता हे या अंगणात माहीत होतं, निदान अंदाजाने तरी. त्याने माफी मागायची म्हणून वाक्य जुळवलं. ते समावेशक शिक्षणाच्या प्रकरणासारखं निघालं, म्हणून गिळलं.

गंगूने घास थांबवला. "आजे, गुरजींना बस सांग ना."

"कशाला?" कौसाबाई म्हणाली. सूप थांबलं नाही. "उभं राहता येतंय त्यांना. काल पयल्यांदा आख्ख्या वाडीनं सायबाला तसंच सांगलंय."

गंगू हसली. चटकन, भाकरी तोंडात असताना, मग आजीकडे बघून तिने तोंड मिटलं. आणि पुन्हा खायला लागली, आधीपेक्षा हळू, एकेक तुकडा नीट चावून, जणू तिला कुठे जायची घाईच नव्हती.

हरिचंद्र उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने सगळा भार उजव्या पायावर टाकला आणि एका बाजूला कलला, लांबूनही दिसेल इतका.